पालकांचा अभिमान आणि गाणारे मूल

शाळेच्या पटावर मुलाचे नाव दाखल करण्यास आलेला पालक मुलाविषयी सहसा फारसे बोलत नाही. जन्मतारीख सांगतो, कागद पुढे करतो आणि शेतातील कामाची घाई म्हणून निघण्याच्या बेतात असतो. परंतु एखादा पालक उंबरठ्याशी घोटाळतो आणि मग एकदम म्हणतो, "गुरुजी, पोरगं लई ग्वाड म्हणतंय बघा. म्हण की रं, सप्त्यात म्हटलंस तसं." मूल बापाच्या पायामागे दडलेले असते. ते तोंड उघडत नाही. बाप एकदा लाडाने सांगतो, दुसऱ्यांदा दटावतो, तिसऱ्यांदा दंड धरून पुढे ओढतो आणि शेवटी ओशाळून, "घरी म्हणतो हो," एवढे बोलून निघून जातो. दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत तेच मूल कडुलिंबाखाली एकटे बसून, काटकीने मातीत रेघा ओढीत, स्वच्छ सुरात काहीतरी गुणगुणताना शिक्षकास आढळते.

हा प्रसंग कोणत्याही गावी घडण्यासारखा आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. त्या बापाचा अभिमान खरा असतो. मुलाजवळ काही वेगळे आहे हे शिक्षकाच्या आधी त्यानेच ओळखलेले असते. शिक्षकास तीस-चाळीस मुलांकडे पाहावे लागते. बाप एकाकडेच पाहत आलेला असतो. घरात असे अभिमानाने पाहणारे माणूस नसते, तर कित्येकांचा गुण उगवला तसाच मावळला असता. यास्तव 'ज्याला त्याला आपलेच पोर शहाणे' अशी चेष्टा करून हा विषय बाजूस सारणे शिक्षकास शोभत नाही. तथापि ह्या अभिमानाची नजर कोठे लागलेली आहे, हे मात्र शिक्षकाने जाणून घेतले पाहिजे. मूल काय करीत आहे इकडे ती लागलेली असेल, तर मूल वाढते. पाहणारे काय म्हणत आहेत तिकडे ती वळली, की मुलाच्या वाट्याला दंड धरून ओढणे येते.

ह्या दोन्ही नजरा एकाच बापाच्या ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर अठराव्या शतकातील लिओपोल्ड मोझार्ट ह्याचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे. आजच्या ऑस्ट्रिया देशातील साल्झबुर्ग हे शहर त्या काळी एका आर्चबिशपच्या सत्तेखाली होते. लिओपोल्ड हा त्याच्या दरबारातील वादक. तो बुकबाइंडिंग करणाऱ्याचा मुलगा. 1719 मध्ये आउग्सबुर्ग येथे जन्मला आणि शिक्षणासाठी साल्झबुर्गला आला, परंतु वर्गात हजर राहत नाही म्हणून विद्यापीठाने त्याचे नाव काढून टाकले. पुढे हाच मनुष्य अत्यंत काटेकोर शिक्षक झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. चर्चच्या गायकवृंदातील मुलांना तो व्हायोलिन शिकवीत असे आणि व्हायोलिन कसे शिकवावे ह्याविषयीचा त्याचा ग्रंथ 1756 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 27 जानेवारीस त्याचा मुलगा वोल्फगांग जन्मला. लिओपोल्डला एकंदर सात अपत्ये झाली, जगली दोनच. थोरली मारिया आना, जिला घरी नानेर्ल म्हणत, आणि धाकटा वोल्फगांग. पाच मुले गमावलेल्या बापाने उरलेल्या दोघांकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल, हे सांगावयास नको.

नानेर्ल सात-आठ वर्षांची असताना लिओपोल्ड तिला पट्ट्यांचे वाद्य शिकवू लागला आणि तिच्यासाठी त्याने 1759 मध्ये एक वही घातली. सोप्या चिजा आधी व अवघड मागाहून, अशी ती क्रमाने लिहिलेली होती. धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा. बहिणीचा पाठ चालू असता तो जवळ घुटमळे आणि पाठ संपला की वाद्याशी जाऊन कानाला गोड लागणाऱ्या दोन-दोन पट्ट्या एकदम दाबून पाहण्यात रमून जाई. त्याला कोणी बसविले नव्हते. बापाने हे पाहिले आणि बहिणीच्याच वहीतून त्याचेही शिक्षण सुरू झाले. त्या वहीत लिओपोल्डच्या हातच्या काही टिपणी आहेत. 26 जानेवारी 1761 रोजी, म्हणजे पाचवा वाढदिवस एका दिवसावर आला असता, रात्री साडेनऊच्या सुमारास वोल्फगांगने अमुक एक चीज अर्ध्या तासात शिकून घेतली, अशी नोंद एका चिजेखाली आहे.

प्राथमिक शिक्षकाने ह्या टिपणीपाशी थोडे थांबावे. तीत 'माझा मुलगा अद्भुत आहे' असे कोठेही नाही. कोणती चीज, कोणता दिवस, किती वाजता आणि किती वेळात, एवढेच आहे. अभिमानाने ऊर भरून आल्यावाचून कोणी बाप रात्री दिवा जवळ ओढून असे लिहीत नाही; परंतु त्या अभिमानाची नजर मुलाच्या बोटांवर आहे. शिक्षक लिओपोल्ड आणि बाप लिओपोल्ड त्या एका ओळीत एकत्र आले आहेत.

ह्या घराचा एक स्नेही, दरबारातील ट्रम्पेट वाजविणारा आंद्रेआस शाख्टनर, ह्याने पुढे 1792 मध्ये नानेर्लला लिहिलेल्या पत्रात वोल्फगांगच्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या आहेत. लहान मुलाचा स्वभाव कसा पाहावा ह्याचा तो नमुनाच आहे. खेळणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावयाची असली, की ज्याचे हात रिकामे असतील त्याने चालताना कूच करण्याची धून गायली वा वाजविली पाहिजे, असा ह्या मुलाचा दंडक असे. गणित शिकू लागला तेव्हा त्याने टेबल, खुर्च्या, भिंती आणि जमीनसुद्धा खडूच्या आकड्यांनी भरून टाकली. म्हणजे जे हाती घेई त्यात तो संपूर्ण बुडून जाई. गाणे हे त्या बुडून जाण्याचे एक रूप होते. दिवसातून दहादा तो शाख्टनरला विचारी की, तुम्ही माझ्यावर माया करता ना? आणि शाख्टनर गमतीने नाही म्हणाला की त्याचे डोळे पाण्याने भरत.

ट्रम्पेटच्या आवाजाची त्याला विलक्षण धास्ती होती. जवळजवळ दहा वर्षांचा होईपर्यंत ती होती. इतर वाद्यांच्या साथीविना एकटा ट्रम्पेट वाजू लागला, की तो घाबरून जाई. हे भित्रेपण मोडून काढावे म्हणून लिओपोल्डने शाख्टनरला एकदा त्याच्यासमोर मुद्दाम ट्रम्पेट फुंकावयास सांगितले. तो कर्कश आवाज ऐकताच मुलगा पांढराफटक पडला आणि खाली कोसळण्याच्या बेतात आला. आणखी थोडा वेळ फुंकले असते तर त्याला झटका आला असता, असे फुंकणाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. ज्या कानाला सुराचा बारीकसा फरक कळतो त्याच कानाला मोठा आवाज बोचतो, हे एवढ्या जाणत्या बापाच्याही ध्यानात त्या क्षणी आले नाही. गावच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याशेजारी उभे केल्यावर जे मूल रडू लागते, त्याला 'नाटकी' म्हणण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

1762 पासून लिओपोल्डने दोन्ही मुलांना घेऊन राजदरबारांच्या वाऱ्या सुरू केल्या. आधी म्युनिक, मग व्हिएन्ना. जून 1763 मध्ये निघालेला मोठा प्रवास तर नोव्हेंबर 1766 पर्यंत, सुमारे साडेतीन वर्षे चालला. घोड्यांच्या गाडीतून कुटुंबाने जर्मन संस्थाने, पॅरिस, लंडन आणि हॉलंड हा सारा मुलूख पालथा घातला. ह्या प्रवासात मुलाने नाना तऱ्हेचे संगीत ऐकले, थोर संगीतकार पाहिले आणि त्यातून तो पुष्कळ शिकला, ही गोष्ट निर्विवाद आहे. लिओपोल्डला केवळ पैशाचा लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. असा मुलगा देवाने आपल्या घरी दिला, तो जगाला दाखविणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. परंतु हळूहळू बापाची नजर वहीवरून उठली आणि श्रोत्यांकडे लागली. लंडनच्या जाहिरातींत मुलांची वये एकेक वर्षाने कमी सांगितली गेली. 1765 च्या जुलैमध्ये तर कॉर्नहिल भागातील एका खाणावळीच्या दालनात रोज दुपारी बारा ते तीन, माणशी अडीच शिलिंग घेऊन, ही दोन मुले वाजवून दाखवीत होती. पट्ट्यांवर रुमाल टाकून, पट्ट्या न पाहता दोघे एकाच वाद्यावर वाजवितील, असे जाहिरातीत छापलेले होते. रुमालाने संगीतात काहीही भर पडत नाही. भर पडते ती टाळ्यांत.

शरीरांनी ह्याची किंमत मोजली. व्हिएन्नाच्या पहिल्या फेरीतच वोल्फगांग अंथरुणाला खिळला. 1765 च्या शरद ऋतूत हेग येथे नानेर्ल इतकी आजारी झाली की धर्मगुरूंना बोलावून तिचे अंतकाळचे संस्कार उरकण्यात आले. ती वाचली आणि पाठोपाठ वोल्फगांग पडला. 1767 मध्ये दोघांनाही देवी आल्या.

त्याच लंडनमध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाच्या विद्वान गृहस्थाने ह्या मुलाची परीक्षा घेतली आणि तिचा वृत्तांत 1770 मध्ये रॉयल सोसायटीपुढे सादर केला. पूर्वी कधी न पाहिलेले स्वरलेखन त्याने मुलापुढे ठेवले, प्रेमाचे व क्रोधाचे गीत आयत्या वेळी रचावयास सांगितले, आणि मुलाने सारे केले. बॅरिंग्टनला शंका आली की बाप वय लपवीत असावा. म्हणून त्याने साल्झबुर्गहून जन्माची नोंदही मिळविली. परंतु वयाचा खरा पुरावा त्याच्या डोळ्यांपुढेच घडला होता. मुलगा वाजवीत असता त्याचे एक लाडके मांजर खोलीत आले. त्याबरोबर तो वाद्य सोडून मांजराकडे धावला आणि बराच वेळ परत येईना. आणखी एकदा तो दोन पायांत काठी धरून, घोडा घोडा करीत, खोलीभर पळत सुटला. बॅरिंग्टनने परीक्षेचा भाग म्हणून हे लिहून ठेवले, ह्यात त्या गृहस्थाचे मोठे शहाणपण आहे. मांजर वगळले असते तर वृत्तांतात केवळ एक चमत्कार उरला असता. मूल उरले नसते.

नानेर्लचे काय झाले, हे मुलींच्या शाळेतील शिक्षिकांनी अवश्य जाणून घ्यावे. पहिल्या काही वर्षांत जाहिरातींत तिचे नाव भावाच्या आधी येई, आणि तिचे वादन मोठमोठ्यांनी वाखाणले होते. 1769 च्या डिसेंबरात लिओपोल्ड वोल्फगांगला घेऊन इटलीस निघाला, तेव्हा अठरा वर्षांच्या नानेर्लला आईपाशी घरी ठेवण्यात आले. ती स्वतः चिजा रचीत असे. 1770 मध्ये भावाने पत्रातून तिच्या एका रचनेची मनापासून वाखाणणी केली आहे. परंतु तिची एकही रचना आज उपलब्ध नाही. बापाच्या वहीत जिच्यासाठी पहिले पान लिहिले गेले, तिच्याविषयीचा अभिमान ती उपवर होताच आटला. आपल्याकडेही पाचवी-सहावीपर्यंत प्रार्थनेला पुढे उभी राहणारी मुलगी पुढे गाताना दिसत नाही, तेव्हा तिचा आवाज गेलेला असतो असे नव्हे.

बापलेकांचे पुढे बिनसले. 1781 मध्ये वोल्फगांग दरबारची चाकरी सोडून व्हिएन्नात राहिला, दुसऱ्या वर्षी त्याने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केले, आणि पत्रांतून दोघांनी एकमेकांना पुष्कळ बोचरे लिहिले. तरीही 1785 मध्ये लिओपोल्ड मुलाकडे गेला असता, हायडन ह्या ज्येष्ठ संगीतकाराने त्याला सांगितले की, आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व रचनाकारांत तुमचा मुलगा श्रेष्ठ आहे. हे शब्द लिओपोल्डने लगोलग नानेर्लला कळविले. त्याच वर्षी नानेर्लचे तान्हे बाळ त्याने सांभाळावयास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि 1787 मध्ये मरण येईपर्यंत तो त्या नातवाच्या हालचाली पत्रांतून तिला कळवीत राहिला. मूल न्याहाळण्याची त्याची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

एवढ्या दूरच्या उदाहरणाने समाधान होत नसेल, तर बेळगावजवळच्या सुळेभावीकडे वळावे. तेथे 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र कोमकळी ह्यांचा जन्म झाला. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे. ग्रामोफोनच्या तबकडीवर ऐकलेले थोर गवयांचे गाणे हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवी, आणि कोवळ्या वयातच मठाच्या स्वामींनी त्यास 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. गावोगावच्या जलशांतून लोक ह्या बालगवयाचे कौतुक करीत. येथे कौतुकाची दिशा चमत्काराकडेच होती, कारण हुबेहूबपणा हा टाळ्यांना फार प्रिय असतो. त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची गोष्ट घडली ती अकराव्या वर्षाच्या सुमारास, जेव्हा ते मुंबईस प्रा. बा. र. देवधर ह्यांच्या संगीतशाळेत आले. देवधरांकडे निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांचे येणे-जाणे असे. ऐकलेले जसेच्या तसे म्हणता येणाऱ्या मुलाला तेथे ऐकलेल्याचा विचार करणे शिकावे लागले. पुढे कुमार गंधर्वांचे गाणे कोणाच्याही नकलेत बसेना, हे सर्वश्रुत आहे.

आता त्या कडुलिंबाखालच्या मुलाकडे येऊ या. खेड्यातील शिक्षक बहुधा संगीतज्ञ नसतो. शाळेत पेटी असली तरी तिचा भाता फाटलेला असतो. म्हणून आपल्या हाती काही नाही असे त्याने समजू नये. पहिली गोष्ट पट्टीची. शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत प्रार्थना उचलतो आणि मुलांना एकतर खर्जात गुरगुरावे लागते, नाही तर वरच्या स्वराला किंचाळावे लागते. मूल एकटे असताना कोणत्या उंचीवर गाते ते ऐकावे आणि तेथूनच त्यास गाऊ द्यावे. 'मोठ्याने म्हण' हा हुकूम गाणाऱ्या मुलास देऊ नये. सर्दी-खोकला असता, किंवा सप्त्यात रात्री जागून आवाज बसलेला असता, त्यास मुळीच गावयास लावू नये.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. गावात जत्रा, सप्ताह, लग्नकार्य आले की ह्या मुलास पुढे केले जाते. कोणी दहाची नोट खिशाला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते. हल्ली मुलाने तोंड उघडले की मोबाईल पुढे येतो, आणि मूल गाणे अर्धवट सोडून पडद्यात स्वतःलाच पाहावयास धावते. अशा वेळी बापाला शाळेत बोलावून दरडावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. अभिमान दुखावलेला बाप शाळेचाच शत्रू होतो. त्याला मुलाविषयी त्याला ठाऊक नसलेले काही सांगावे. "तुमच्या मुलाने काल बेरजा करताना बोटांऐवजी ताल धरून मोजले," किंवा "शेजारच्या मुलीला अडखळलेली ओळ त्याने हळूच सांगितली," असे काही. बाप ते ऐकून घेतो. गाणारे पोर म्हणून ज्याची ओळख झाली, ते मोजते, भांडते, भिते, मांजरामागे धावते, हेही आपलेच आहे असे त्याला वाटू लागले, की स्टेजची ओढ थोडी ढिली होते. वर्गातही शिक्षकाने त्या मुलास 'आमचा गवई' म्हणून हाक मारू नये. बारा-चौदाव्या वर्षी मुलग्याचा आवाज फुटतो. ज्याच्याजवळ त्या एका ओळखीपलीकडे काही नसते, त्याची त्या दिवसांत फार केविलवाणी स्थिती होते.

आणि लिओपोल्डची वही. ती मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. शंभर पानी एक वही बापाच्या हाती द्यावी आणि सांगावे की, आठवड्यातून एकदा, मुलाने आपण होऊन काय गायले तेवढेच लिहा. कोण काय म्हणाले ते लिहू नका. बापाला लिहिता येत नसेल तर तो सांगेल आणि थोरली बहीण लिहील. नमुना म्हणून पहिली नोंद शिक्षकाने स्वतः करून द्यावी. उदाहरणार्थ: सोमवार, मधली सुट्टी. कडुलिंबाखाली. गाणे कोणाचे ते कळले नाही, शब्द नव्हते. पाच-सात मिनिटे. मध्येच थांबून मुंगळा पाहिला. मुंगळा बिळात गेल्यावर पुन्हा तेथूनच उचलले. सूर ढळला नाही.